रिकाम्या तिफणीचा सिनेमा

साप्ताहिक सदर : हौशी कॅमेरा

मृग लागला की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात दोन कामं एकदमच सुरू होतात. एक पेरणी आणि दुसरं पेरणीवरचे लघुपट. चिखली, मेहकर, मोताळा, कुठंही जा, एखादा तरणा पोरगा मोबाइल घेऊन आपल्याच वावराच्या धुऱ्यावर उभा दिसतो. घरची माणसं, घरचं वावर, घरचीच गोष्ट. या हौसेचं मला मनापासून कौतुक आहे आणि म्हणूनच तिच्यातली एक गोष्ट मला सलते.

पोरगा बाबांना म्हणतो, "ट्रॅक्टर राहू द्या, तिफण काढा." सोयाबीन तर ट्रॅक्टरनं पेरून झालेलं असतं. मग अडगळीतली तिफण बाहेर येते, शेजाऱ्याची बैलजोडी मागून आणतात, बाबांना शर्ट उतरवून बंडी घालायला लावतात. चाड्यात बी नसतं. बियाण्याच्या आजच्या भावात ते टेकसाठी मातीत कोण घालणार?

पडद्यावर हे दृश्य देखणं दिसतं. पण हाताकडे पाहा. बी भरलेली मूठ चाड्यावर बोटाबोटानं सैल होते, दाणा अंदाजानं सुटतो, नजर तासावर खिळलेली असते. रिकामी मूठ मात्र नुसती उघडते, मिटते, आणि नजर हळूच मोबाइलकडे वळते. जन्मभर पेरलेला हात खोटं बोलायला राजी होत नाही.

कॅमेऱ्यासाठी दृश्य मांडणं हा गुन्हा आहे, असं मी म्हणत नाही. सावे दादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. भारतीय माणसानं केलेल्या अगदी पहिल्या चित्रणांपैकी ते एक. ती कुस्ती त्यांनी कॅमेऱ्यासाठीच लावली होती. पण पैलवान खरे, कुस्तीही त्यांच्या रोजच्या कसबातली. मांडणी होती, तरी त्यांना कुणी ते नव्हते असं काही बनवलं नव्हतं.

रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा 1922 चा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा माहितीपटांचा मूळपुरुष मानला जातो. कॅनडाच्या उत्तरेकडच्या इनुइट लोकांवरचा हा चित्रपट. आत उजेड पुरत नव्हता म्हणून त्यांनी बर्फाचं घर अर्धं उघडं बांधून घेतलं. हे समजू शकतं, ती कॅमेऱ्याची अडचण होती. पण तोवर बंदूक वापरू लागलेल्या शिकाऱ्यांच्या हाती त्यांनी पडद्यावर हार्पून दिला. नायकाचं खरं नाव अल्लाकारियाल्लाक, पडद्यावर तो नानूक झाला. दूरदेशीच्या प्रेक्षकांना कालचा माणूस पाहायचा होता, तो त्यांना मिळाला.

फ्लाहर्टी निदान परके होते. आपण आपल्याच बापाला कालचा माणूस का करतो? गाव म्हणजे तिफण, बंडी आणि डोळ्यांतलं पाणी, असं बक्षिसं देणाऱ्यांना वाटतं, अशी आपली समजूत झाली आहे. ट्रॅक्टरचं भाडं, कृषी केंद्रातली उधारी, पावसानं ओढ दिली की दुबार पेरणीची धास्ती, हे आजचं नाट्य मग चौकटीबाहेर राहतं. बाहेरचे कॅमेरे कसे येतात हे जिल्ह्यानं पाहिलं आहे. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा माणसांची डोकी तेवढी देशभर दिसली. त्या डोक्याखालच्या माणसाचा दिवस कसा जातो, हे दाखवायला घरचाच कॅमेरा लागतो.

घरचं खरं कुठं सापडतं? एकदा मी आईचं कुरडयांचं काम टिपत होतो. मोबाइल दिसताच तिनं पदर सारखा केला आणि बातम्या देणाऱ्या बाईसारखी बोलू लागली, "आता आपण गव्हाचा चीक शिजवून घेणार आहोत." तेवढ्यात चीक खाली धरू लागला. "अवं माय, बुडाले लागू राह्यलं!" म्हणत तिनं दोन्ही हातांनी लाटणं फिरवायला घेतलं. कपाळावर घाम, मनगटावर ताण, माझ्याकडे साफ दुर्लक्ष. मी आधीचं गोड निवेदनही ठेवलं. पाहुण्यासमोर नीटनेटकं दिसावंसं वाटणं हेही तिचंच खरं आहे. दोन्ही शेजारी ठेवल्यावरच ती पूर्ण दिसते.

म्हणून या हंगामात कॅमेरा उचलणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. तिफण दाखवायची असेल तर खुशाल दाखवा, पण ती चित्रीकरणासाठी काढली होती, हे चित्रपटातच सांगा. बाबाच ते सांगतील, आणि जुन्या पेरणीच्या चार आठवणीही सांगतील. दुसरं, चित्रपट स्पर्धेला धाडण्याआधी ज्यांच्यावर केला त्यांना ओसरीत बसवून दाखवा. फ्लाहर्टींनीही चित्रित केलेला भाग तिथल्या लोकांना दाखवला होता, ही त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट. "हे मी नाही," असं बाबा म्हणाले तर ते दृश्य कापा, परीक्षकांना ते कितीही आवडणार असलं तरी. परीक्षक एकदा पाहून विसरतील. घरात मात्र तो चित्रपट नातवंडं पाहणार आहेत, आणि आपला आजा कसा होता हे त्यावरूनच ठरवणार आहेत.

(लेखक हौशी चित्रपटकार असून बुलढाणा जिल्ह्यात राहतात.)