'बॉर्डरलाइन'चा शिक्का

चर्चासत्रांतील निबंधांतून सध्या पात्रांचे 'निदान' करण्याची साथ आली आहे. नायक चंचल, संतापी, एकटेपणाला भिणारा दिसला, की तो 'बॉर्डरलाइन'! 'कोसला'चा (१९६३) पांडुरंग सांगवीकरही यातून सुटत नाही. अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये ही संज्ञा वापरली ती मज्जाविकृती आणि चित्तविकृती यांच्या सीमेवरील रुग्णांसाठी. स्वतंत्र विकार म्हणून तिला 'डीएसएम'मध्ये स्थान मिळाले १९८० साली. गुणविशेष वेगळे आणि विकार वेगळा, हे भान तरी कुठे असते? असो.

या गुणविशेषांसोबत चिंता बहुधा असतेच. पण एड्रियन वेल्स यांच्या मते चिंता चिवट होते ती काळजीविषयीच्या समजुतींमुळे: 'काळजी केली तरच मी सुरक्षित', 'ती माझ्या आवाक्यात नाही'. पीटर फोनागी सांगतात, की जवळच्या नात्यांतील भावनिक वादळात मन वाचण्याची क्षमता ढासळते, आपलेही आणि दुसऱ्याचेही. ती मुळातच नसते असे नाही. तेव्हा पात्र स्वतःच्या विचारांकडे केव्हा पाहू शकते आणि केव्हा नाही, हे तपासायला हवे. पांडुरंग पानोपानी स्वतःच्या विचारांची टर उडवतो. धाकट्या मनीच्या मृत्यूपाशी मात्र ते अंतर टिकत नाही. लक्षणांची यादी हाती घेण्यापूर्वी आमच्या निबंधकारांनी ती पाने वाचली होती काय?