केबल डिकीत, धूर रस्त्यावर

रक्तदाबाचा रुग्ण सहा महिन्यांनी तपासणीला येतो. दाब तसाच चढलेला. ‘गोळ्या चालू आहेत ना?’ असे विचारले की पिशवीतून न फोडलेली पाकिटे निघतात. सरकारी रुग्णालयात हे रोजचेच. दोष गोळीचा नसतो; ती पोटात गेलेलीच नसते. प्लग-इन हायब्रिड मोटारीचे नेमके असेच आहे.

या गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि बाहेरून चार्ज करायची बॅटरीही. आपल्याकडे ‘हायब्रिड’ म्हणून दिसणाऱ्या बहुतेक गाड्यांना प्लगच नसतो; प्लग असलेल्या गाड्या अजून मोजक्या आणि महाग आहेत. एका चार्जमध्ये त्या साधारण 50 ते 80 किलोमीटर विजेवर धावतात. म्हणजे अनेकांची रोजची ये-जा पेट्रोलविना व्हावी.

हिशेब सोपा आहे. धरा, घरची वीज 10 रुपये युनिट आणि एका युनिटमध्ये गाडी 5 किलोमीटर धावते. म्हणजे किलोमीटरला 2 रुपये. चार्जिंगमधली गळती धरली तर सव्वादोन. पेट्रोल 105 रुपये लिटर आणि सरासरी 15 किलोमीटरची, तर किलोमीटरला 7 रुपये. रोज 40 किलोमीटर धावणाऱ्याचे दिवसाला 190 रुपये वाचतील. पण रोज प्लग लावला तरच! नाही लावला, तर जड बॅटरीचे ओझे वाहत पेट्रोल जाळायचे, शिवाय इंजिनाची देखभाल आहेच. सार्वजनिक चार्जरवर विजेचा दर दुप्पट पडला, तर बचतही आटते.

माणसे प्लग लावतात का? युरोपीय आयोगाने 2021 मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांमधील प्रत्यक्ष इंधनवापराच्या नोंदी तपासून 2024 मध्ये अहवाल दिला. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सुमारे साडेतीन पट निघाले. गाड्या अपेक्षेपेक्षा कमी चार्ज होत होत्या आणि विजेवर कमी धावत होत्या. पेट्रोलचे बिल कंपनी भरणार आणि घरच्या विजेचे आपण, असे असेल तर केबल डिकीतून कोण काढेल?

डॉक्टर म्हणून मला दुसरी काळजी आहे. मध्येच सुरू होणारे इंजिन थंड असते आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. तो धूर गाडीवाल्यापेक्षा सिग्नलवरच्या फेरीवाल्याच्या आणि चालत शाळेत जाणाऱ्या मुलांच्या छातीत जास्त जातो. दम्याने धापा टाकणाऱ्या मुलाला नेब्युलायझर लावताना गाडीवरचा ‘पर्यावरणस्नेही’ बिल्ला उपयोगी पडत नाही.

म्हणून सरकारने अशा गाड्यांना करसवलत द्यायचीच, तर ती प्लग आहे म्हणून नव्हे, गाडी प्रत्यक्ष विजेवर किती धावली ते पाहून द्यावी. तशी नोंद ठेवणारे यंत्र युरोपातल्या नव्या गाड्यांत आहेच. गृहनिर्माण संस्थांनीही पार्किंगमध्ये स्वतंत्र मीटर आणि नीट अर्थिंग असलेले सॉकेट बसवू द्यावे. खिडकीतून सोडलेली एक्स्टेंशन वायर हा चार्जर नव्हे, तो अपघात आहे.

आणि घेणाऱ्याने शोरूममध्ये जाण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: रात्री माझी गाडी उभी राहते तिथे सॉकेट आहे का? नसेल, तर ही महागडी गोळी पाकिटातच राहणार.