जोगेंद्रनाथ मंडल यांचा राजीनामा

जुलै १९४६ मध्ये पुण्यास विधिमंडळाचे अधिवेशन भरले असता, कॅबिनेट मिशनच्या योजनेत अस्पृश्यांच्या हक्कांची जी उपेक्षा झाली तिच्या निषेधार्थ शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने सत्याग्रह केला. ही हकीकत आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. त्याच महिन्यात बंगालमध्ये घडलेली गोष्ट मात्र क्वचितच कोणी सांगतो. मुंबईच्या विधिमंडळात फेडरेशनचा एकही सभासद नसल्यामुळे बाबासाहेबांना इथून घटना समितीत जाण्याचा मार्ग उरला नव्हता. तो मार्ग बंगालच्या विधिमंडळाने मोकळा केला, आणि त्यासाठी ज्यांनी जिवापाड खटपट केली ते जोगेंद्रनाथ मंडल पुढे सुमारे वर्षभराने पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले.

मंडल यांचा जन्म १९०४ सालचा, बारिसालकडच्या नामशूद्र कुटुंबातला. कायद्याची पदवी घेऊन ते वकील झाले व १९३७ साली काँग्रेसच्या उमेदवाराला सर्वसाधारण जागेवर पाडून विधिमंडळात गेले. बंगालचे मुसलमान व अस्पृश्य हे दोघेही बहुतांशी शेतकरी, मजूर व कोळी. दोघेही शिक्षणात मागे. सबब दोघांचे हित एकच, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो आम्हांस आजही टाकाऊ वाटत नाही. १९४३ साली नाझिमुद्दीन यांना पाठिंबा देताना त्यांनी अटी घातल्या: तीन अस्पृश्य मंत्री, अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी दरसाल पाच लाख रुपये, आणि नोकऱ्यांतील प्रमाणाच्या नियमाची बिनशर्त अंमलबजावणी. अटी मोजता येण्याजोग्या होत्या. त्यांच्या पाठीशी एकवीस अस्पृश्य सभासदांची मते होती, आणि शब्द मोडल्यास ती काढून घेता येत होती. कराराला बळ येते ते यामुळे.

१० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीस पाकिस्तानच्या घटना समितीची पहिली बैठक भरली, तिचे हंगामी अध्यक्षपद मंडल यांना देण्यात आले. दुसऱ्याच दिवशी जीनांनी, नागरिकाच्या धर्माशी राज्याला कर्तव्य नाही, अशा आशयाचे भाषण केले. कायदा व मजूर ही खाती मंडल यांच्याकडे आली. पण ती एकवीस मते आता कोठे होती? खुर्ची मिळाली ती दुसऱ्याच्या मर्जीने, आणि आश्वासन होते ते एका व्यक्तीचे. सप्टेंबर १९४८ मध्ये जीना वारले.

त्याआधीच चिन्हे दिसू लागली होती. पाकिस्तानातील अस्पृश्यांनी मिळेल त्या मार्गाने भारतात यावे, असे बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये जाहीरपणे सांगितले. अत्यावश्यक सेवेचे निमित्त काढून तेथील सफाई कामगारांना देश सोडू देत नाहीत, अशी तक्रारही त्यांनी पंडित नेहरूंकडे केली. ज्या देशाचा मजूरमंत्री अस्पृश्य, त्याच देशात हे घडत होते! पुढे खुलना जिल्ह्यातील कालशिरा येथे नामशूद्रांवर अत्याचार झाले, आणि फेब्रुवारी १९५० मध्ये ढाका व बारिसाल येथे कत्तली झाल्या. मंडल यांनी गावोगाव फिरून ते पाहिले. ८ ऑक्टोबर १९५० रोजी कलकत्त्याहून त्यांनी लियाकत अलींना राजीनामा पाठविला. त्या दीर्घ पत्रात गावांची नावे आहेत, घटना आहेत, आणि स्वतः दिलेल्या शब्दाची जबाबदारीही आहे. साक्षीपुरावा कसा मांडावा हे त्या पत्रावरून कोणाही वकिलाने शिकावे.

मंडल यांचे नाव घेऊन मुसलमानांविषयी विष कालवणारे लोक आज पुष्कळ आहेत. स्पृश्य हिंदूंनी बंगालच्या नामशूद्रांना कसे वागविले होते, आणि मंडल लीगकडे का वळले, हे ते सांगत नाहीत. पाकिस्तानच्या पहिल्या कायदेमंत्र्यानंतर वर्षाच्या आत, २७ सप्टेंबर १९५१ रोजी, भारताच्या पहिल्या कायदेमंत्र्यांनीही राजीनामा दिला. कारणे निराळी होती. परंतु अस्पृश्यांच्या हिताकडे सरकारचे लक्ष नाही ही तक्रार त्यांच्याही निवेदनात होती.

भारतात परतल्यावर मंडल निर्वासितांमध्ये काम करीत राहिले. निवडणुका लढविल्या, पण विजय मिळाला नाही. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचा अंत झाला, तोही सरहद्दीलगतच्या बनगाव येथे.