विश्लेषण : गाडीवरची ‘जाळी’ मशीन पॉलिशने जाते, पण रोजचे फडके थांबले तरच!

काळ्या किंवा गडद निळ्या रंगाची गाडी दुपारच्या उन्हात उभी केली, की बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसू लागतात. वाघोलीतल्या गाडीमालकांची ही नेहमीची तक्रार. त्यावरचा उपायही ठरलेला : मशीन पॉलिश. गाडी शोरूममधून आणल्यासारखी चमकते. मात्र काही महिन्यांत जाळी परत येते आणि गाडी पुन्हा पॉलिशला जाते. हे चक्र गाडीच्या रंगाला परवडणारे नाही. ते का, हे समजून घेण्यासाठी आधी ही जाळी कुठे पडते ते पाहू.

ही जाळी म्हणजे नेमके काय?

आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. त्याला ‘क्लिअर कोट’ म्हणतात. पत्र्यावरच्या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते; त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक केसापेक्षाही पातळ थरावर अवलंबून असते. ऊन आणि अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करण्याचे कामही हाच थर करतो.

‘स्वर्ल मार्क’ म्हणजे याच थरावरचे अतिशय उथळ ओरखडे. ते गोल दिसतात, पण गोल असतातच असे नाही. ओरखडे सगळ्या दिशांना पडलेले असतात. त्यातले प्रकाशाला आडवे असणारे तेवढेच चमकतात. म्हणून दिवा किंवा सूर्य जिथे, तिथे त्याच्याभोवती वर्तुळ दिसते. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवरही ते पडतात, फक्त नजरेत भरत नाहीत.

वाघोलीत ती लवकर का पडते?

कारण धूळ. हा परिसर वर्षानुवर्षे दगडखाणी आणि खडी क्रशरसाठी ओळखला जातो. त्यात नगर रस्त्यावरची अवजड वाहतूक आणि जागोजागी सुरू असलेली बांधकामे. इथला दगड म्हणजे बेसाल्ट. त्यातल्या मुख्य खनिजांची कठीणता मोह्ज मापनावर साधारण ६ भरते. वाळूतल्या क्वार्ट्झची ७. साध्या पोलादी सुरीचे पाते साडेपाचच्या आसपास असते. गाडीवर बसलेली धूळ सुरीपेक्षा कठीण असेल, तर क्लिअर कोटचा तिच्यापुढे काय टिकाव लागणार?

नुसती बसलेली धूळ मात्र काही करत नाही. ती घासली की ओरखडा पडतो. रोज पहाटे एका बादलीत बुडवलेल्या एकाच फडक्याने ओळीने गाड्या पुसल्या जातात. पहिल्या दोन गाड्यांतच पाणी गढूळ होते आणि पुढच्या प्रत्येक गाडीवर दगडाची बारीक पूड फिरते. कोरड्या गाडीवर मारलेला डस्टरही तेच करतो.

याचा दोष पुसणाऱ्यावर ढकलणे सोपे आहे, पण योग्य नाही. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या वाघोलीत अनेक सोसायट्या अजून टँकरच्या पाण्यावर चालतात. पाणी मोजून, पगार जेमतेम आणि अट एकच : गाडी रोज पुसलेली दिसली पाहिजे. या अटीतच जाळीचे मूळ आहे.

पॉलिश मशीन काय करते?

ओरखडा ‘भरला’ जातो, हा गैरसमज आहे. पॉलिशच्या लेपात ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे बारीक घर्षक कण असतात. फिरणारा पॅड या कणांनी ओरखड्याभोवतीचा क्लिअर कोट घासतो आणि पृष्ठभाग ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतो. ओरखडा जातो, पण तेवढा थरही कायमचा जातो. मेण किंवा सिरॅमिक कोटिंग लावून तो परत मिळत नाही.

हलक्या पॉलिशमध्ये साधारण १ ते ३ मायक्रॉन निघतात. एकदा केले तर हरकत नाही. पण दर सहा महिन्यांनी २ मायक्रॉन धरले, तर आठ वर्षांत ३२ मायक्रॉन होतात. ४० मायक्रॉनच्या थरातून ३२ गेल्यावर उन्हापासून रक्षण कोण करणार? मग रंग फिका पडतो, क्लिअर कोटचे पोपडे निघतात आणि गाडी विकताना त्याची किंमत मोजावी लागते.

योग्य पद्धत कोणती?

मशीन मुख्यतः दोन प्रकारचे. ‘रोटरी’ एकाच अक्षावर गोल फिरते. काम झपाट्याने होते, पण उष्णता एका जागी साठते. हात कच्चा असेल तर रंग जळतो किंवा उन्हात लाटांसारख्या खुणा दिसतात. ‘ड्युअल ॲक्शन’ मशीनमध्ये पॅड फिरता फिरता डोलतोही, त्यामुळे घर्षण आणि उष्णता विभागली जाते. हलक्या जाळीसाठी हेच पुरेसे आणि सुरक्षित.

आधी गाडी नीट धुऊन, क्ले बार फिरवून चिकटलेले सिमेंटचे आणि लोखंडाचे कण काढावे लागतात. नाहीतर पॅड तेच कण घासत बसतो. कडांवर थर पातळ असतो, म्हणून तिथे आणि रबर-प्लॅस्टिकवर टेप लावायची. मग सावलीत, थंड पत्र्यावर, दीड-दोन फुटांच्या चौकोनात आधी मऊ फोम पॅड आणि सर्वांत बारीक पॉलिश वापरून चाचणी घ्यायची. हलका दाब, संथ हात, आडवे-उभे चार ते सहा फेरे. तेवढ्याने काम झाले तर जाडे कंपाऊंड उघडायचेच नाही. नखाला अडकणारा ओरखडा मशीनने काढायचा हट्टही धरू नये. तो खोल असतो. मॅट रंगाच्या गाडीला तर पॉलिश लावायचेच नाही.

दुकानात काय विचारावे?

तीनच प्रश्न. पहिला, पॉलिशच्या आधी आणि नंतर जाडी मोजणार का? जाडी मोजण्याचे यंत्र पत्र्यावरचे सगळे थर मिळून मोजते, त्यामुळे क्लिअर कोट वेगळा कळत नाही आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर साधे यंत्र चालत नाही. तरी किती घासले गेले याचा अंदाज येतो. दुसरा, मशीन कोणते आणि सुरुवात कोणत्या पॅडने? तिसरा, काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या द्रावणाने पुसून दाखवणार का? काही पॉलिशमधले तेलकट घटक ओरखडे तात्पुरते झाकतात. ते पुसल्यावर उन्हात दिसते तेच खरे काम.

मग गाडी रोज चमकवायची कशी?

रोज चमकवायची नाही, हेच उत्तर. धुळीची गाडी दोन दिवस धुळीचीच राहिली तर रंगाचे काही बिघडत नाही. काच, आरसे आणि दिवे तेवढे स्वच्छ ठेवावेत. आठवड्यातून एकदा, आधी पाण्याने धूळ सुटी करून, एका बादलीत शाम्पू आणि दुसऱ्या बादलीत फडके धुण्यासाठी साधे पाणी ठेवून, मायक्रोफायबरने वरून खाली धुवावी. उन्हात वाळू देऊ नये. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग राहतात. दोन बादल्यांची ही आठवड्याची धुलाई सात दिवसांच्या सात पुसण्यांपेक्षा पाणीही कमी घेऊ शकते.

हे एकट्या गाडीमालकाने ठरवून पुरे होणार नाही. सोसायटीने पुसणाऱ्याला त्याच पगारात आठवड्यातून एकदाच नीट धुण्याचे काम द्यावे आणि फडकी व दुसरी बादली मालकांनी पुरवावी. हा खर्च एका पॉलिशच्या बिलापेक्षा कितीतरी कमी आहे. एवढे झाल्यावर, आणि त्यानंतरच, एकदा हलके पॉलिश करून घ्यावे. ते मग वर्षानुवर्षे टिकेल. सवय न बदलता केलेले पॉलिश म्हणजे आधीच केसापेक्षा पातळ असलेला थर पैसे देऊन आणखी पातळ करून घेणे.