एक्स्प्लेनर : ४,४०० किलोमीटर आणि मागे मदतीची गाडी नाही, ‘टूर डिव्हाइड’साठी तयारी नेमकी कशाची?

नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली आणि लांब पल्ल्याची सायकल शर्यत आपल्याकडे घरोघरी कळली. तिथे स्पर्धकामागे मदतीची गाडी असते. ‘टूर डिव्हाइड’मध्ये ती नसते.

काय आहे ही शर्यत?

जूनमध्ये कॅनडातल्या बॅन्फहून सुरुवात, अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या अँटिलोप वेल्सला शेवट. रॉकी पर्वतातून सुमारे ४,४०० किलोमीटर, बहुतेक कच्चा रस्ता. प्रवेश शुल्क नाही, बक्षीसही नाही. दुकानातून काहीही विकत घ्या. मित्राने आणून दिलेली पाण्याची बाटली मात्र चालत नाही. माइक हॉलने २०१६ मध्ये हे अंतर १४ दिवसांच्या आत कापलं.

मग तयारी कशाची?

आपल्याकडे चर्चा होते ती सायकलच्या किमतीची आणि वजनाची. माझ्या मते ती नंतर. इंजिनीअरिंगमध्ये आधी विचारतात, ‘काय बंद पडलं की सगळंच थांबेल?’ नकाशा, दिवा आणि फोन एकाच पॉवर बँकवर असतील, तर उत्तर समोरच आहे.

• तुटलेली चेन जोडणं अंधारातही जमायला हवं.
• वायोमिंगच्या कोरड्या ग्रेट डिव्हाइड बेसिनमध्ये पुढचं पाणी कुठे, हे आधीच माहीत हवं.
• डोळे मिटू लागले की थांबायचं, हे घरीच ठरवा. थकलेला मेंदू तिथे नीट ठरवू शकत नाही.

सुरुवात कुठून?

शनिवारी पूर्ण सामान लादून निघा, रात्र बाहेर काढा, रविवारी परत या. घरच्यांना फोन करून गाडी मागवावी लागली, तर तयारी अजून बाकी आहे. शर्यतीत त्यांना ट्रॅकरवर तुमचा ठिपका दिसेल. पंक्चर तुम्हालाच काढायचं आहे.