इझनिक पाठ, नागपूर अनोळखी

इफ्तार आटोपते, मगरिबची नमाज होते आणि तरावीहला निघेपर्यंत तासाभराची सवड मिळते. बुटीबोरीतल्या कितीतरी मुस्लिम घरांत त्या तासात मोबाईलवर तुर्की मालिका सुरू असते. २०२० च्या रमजानमध्ये, टाळेबंदीत सगळे घरात अडकलेले असताना, 'एर्तुग्रुल' ही मालिका उर्दूत आली आणि घराघरांत पोहोचली. पाठोपाठ त्याच्या मुलाची, उस्मानची मालिका आली. एमआयडीसीतली पाळी संपवून आलेला मुलगा आणि अकरावीतली त्याची बहीण असे सगळे मिळून ती बघतात. कायी टोळी, सोगुत, बुर्सा, इझनिक ही नावे त्यांना तोंडपाठ आहेत. मात्र वर्धा रोडने तीस किलोमीटरवर असलेले नागपूर कोणी वसवले, असे विचारले की घरात शांतता पसरते.

मालिका पाहू नये, असे सांगण्याचे कारण नाही. प्रश्न त्यातून काय उचलले जाते याचा आहे. मालिकेत दोनच पक्ष दिसतात. एका बाजूला तंबूत राहणारे शूर तुर्क आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्यात बसून कारस्थाने करणारे बायझंटाईन. खरा इतिहास इतका सरळ नाही.

इझनिक म्हणजे जुने निकिया, इस्तंबूलच्या दक्षिणेला एका तळ्याकाठी वसलेले. इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने ख्रिस्ती धर्मगुरूंची पहिली मोठी परिषद येथेच भरवली. पुढे १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटले गेले, तेव्हा लुटणारे मुसलमान नव्हते. पश्चिम युरोपातून आलेल्या ख्रिस्ती क्रुसेडरांनी एका ख्रिस्ती राजधानीची धूळधाण केली. परागंदा झालेल्या बायझंटाईन दरबाराने निकियात आसरा घेतला आणि पुढची सत्तावन्न वर्षे हे लहानसे शहर राजधानी झाले. तिथल्या राजांनी आसपासची शेती सावरली आणि डोंगरी सरहद्द राखणाऱ्या शिपायांना सांभाळले. १२६१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल परत मिळाले, दरबार तिकडे गेला आणि मागे राहिलेला मुलूख दुर्लक्षित झाला. सरहद्दीवरच्या माणसांच्या सवलती गेल्या, कर वाढले. मोठी राजधानी हाती आली, पण तिला पोसणारा मुलूख हातचा सुटत गेला. उस्मानची टोळी वाढली ती याच पोकळीत. तलवारीचे काम खोटे नाही, पण आधी वाट मोकळी झाली होती.

एर्तुग्रुलबद्दल तर समकालीन पुरावा जवळजवळ नाहीच. उस्मानच्या एका नाण्यावर वडिलांचे नाव म्हणून तो येतो, बाकी बरेचसे नंतरच्या दंतकथांतले. उस्मानचा मुलगा ओरहान याने १३३१ मध्ये निकिया घेतले आणि तिथल्या मोठ्या चर्चची मशीद केली. त्याच ओरहानने १३४६ मध्ये बायझंटाईन सम्राट जॉन कांताकुझेनोसच्या मुलीशी लग्न केले. म्हणजे ज्यांच्याशी लढाई, त्यांच्याशीच सोयरीक. चर्चची मशीद झाली हे लपवण्यासारखे नाही आणि मिरवण्यासारखेही नाही. जो आपल्या प्रार्थनास्थळाच्या दुःखाने हळवा होतो, त्याला दुसऱ्याचे तसलेच दुःख समजले पाहिजे.

रमजानचा महिना यासाठी योग्य आहे. तरावीहमध्ये रोज थोडा थोडा करत पूर्ण कुरआन ऐकला जातो. एकविसाव्या पाऱ्यात 'अर-रूम' नावाची सूरत येते. रूम म्हणजे हेच बायझंटाईन साम्राज्य. सातव्या शतकाच्या सुरुवातीला इराणी फौजांनी त्याचा धुव्वा उडवला, ६१४ मध्ये जेरुसलेमही घेतले. मक्केतले मूठभर मुसलमान तेव्हा स्वतःच छळ सोसत होते. परंपरा सांगते की रूमच्या पराभवाने ते खिन्न झाले, कारण ते लोक ग्रंथ मानणारे होते. सूरतीत ग्वाही आहे की काही वर्षांत रूमवाले पुन्हा जिंकतील आणि त्या दिवशी श्रद्धावंतांना आनंद होईल. ६२७ मध्ये सम्राट हेराक्लियसने निनेवेजवळ इराणी फौजेला हरवले. ज्या बायझंटाईनांकडे मालिका शत्रू म्हणून बघायला शिकवते, त्यांच्या हारजितीकडे पहिले मुसलमान आपुलकीने बघत होते. तरावीहला उभ्या असलेल्या किती तरुणांना हे ठाऊक असते?

आता घराजवळच्या राजधानीकडे यावे. नागपूर वसवले गोंड राजा बख्त बुलंद शाह याने. त्याची गादी सातपुड्यातल्या देवगडला होती, जे आज मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. भाऊबंदकीत राज्य गेले तेव्हा तो औरंगजेबाकडे मदत मागायला गेला, मुसलमान झाला आणि गादी मिळवून परतला. या धर्मांतरात राजकारण होते, हे मान्य करायला कोणी कचरू नये. पण पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. हाच राजा काही वर्षांनी औरंगजेबाविरुद्ध उठला आणि त्याने वऱ्हाडात मोगली मुलखावर स्वाऱ्या केल्या. बादशहा इतका चिडला की बख्त बुलंद, म्हणजे थोर नशिबाचा, हे नाव बदलून फुटक्या नशिबाचा असे लिहिण्याचा हुकूम त्याने काढला, असे इतिहासकार नोंदवतात.

१७०२ च्या सुमारास त्याने नाग नदीकाठच्या बारा लहान वस्त्या जोडून शहर उभारले. त्या वस्त्यांना 'राजापूर बारसा' म्हणत. डोंगरातली राजवट अशी मैदानात उतरली. नागपूरचा इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने १८२७ च्या अहवालात या राजाची तारीफ केली आहे. त्याने हिंदू-मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसे कामाला घेतली, चोहीकडून कष्टाळू शेतकरी आणि कारागीर आणून वसवले, हजारो गावे उभी राहिली, शेती आणि व्यापार वाढला, असे तो लिहितो. बुटीबोरीचा हा सगळा पट्टा त्याच मैदानी मुलखातला. आज उत्तर प्रदेश, बिहारपासून माणसे इथल्या कारखान्यांत पोटासाठी येतात. बाहेरच्या हातांनी मुलूख फुलवण्याची रीत या भागाला नवी नाही.

बख्त बुलंदनंतर चांद सुलतानने राजधानी नागपुरात आणली, शहराला तटबंदी केली आणि जुम्मा तलाव बांधला. त्यालाच लोक शुक्रवारी तलाव म्हणू लागले आणि आज तो गांधीसागर आहे. एकाच पाण्याची ही तीन नावे. चांद सुलतान १७३९ मध्ये वारला आणि गादीवरून तंटा लागला. त्याची विधवा राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावले. पुढे दोन राजपुत्रांतच बिनसले आणि १७४३ मध्ये रघुजींना पुन्हा यावे लागले. अकबर शाह हैदराबादेकडे गेला. बुऱ्हाण शाहला रघुजींनी राजा हा किताब आणि तनखा देऊन नागपुरातच ठेवले. खरी सत्ता भोसल्यांची झाली, पण जुन्या राजघराण्याला शहरातून हाकलले नाही. इंग्रजी अमलातही त्या घराण्याचा मान टिकला आणि महालातला गोंड राजांचा किल्ला आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

यालाही गोड गोष्ट करू नये. रघुजींचा त्यात राजकीय फायदा होता. तरी नागपूरच्या या सत्तांतरात मुसलमान गोंड घराण्याची एक राणी मराठा सरदाराला हाक मारते, तो येतो आणि जिंकल्यावर हरलेल्याचा किताब शाबूत ठेवतो. आजच्या वादांत हिंदू विरुद्ध मुसलमान अशी जी रेघ ओढली जाते, तिच्यात यातले एकही पात्र बसत नाही. बख्त बुलंदला फक्त मुसलमान म्हणून उचलून धरणे चूक आणि तो मुसलमान होता हे गाळून टाकणेही चूक. तो गोंड होता, मुसलमान होता आणि नागपूरकर होता.

कारखान्यात जेवणाच्या सुटीत सोबतचा कामगार सहज विचारतो, "तुम्हाला तुर्कस्तानचे एवढे कौतुक का?" मुलगा गोंधळतो, कारण द्यायला दुसरे काही त्याच्या हाती नसते. त्याला इथले काही कोणी दिलेच नाही. उसनवारीचा अभिमान हा असा अडचणीच्या वेळी कामाला येत नाही. यात दोष एकट्या मुलाचा नाही. घरात आजोबांनी सांगितले नाही, मशिदीत विषय निघाला नाही आणि शाळेत नागपूरच्या स्थापनेवर फार तर एखादी ओळ आली. विचारणाऱ्या कामगारालाही बख्त बुलंद ठाऊक नसतो, हेही तितकेच खरे.

ईदच्या सुटीत मुले हमखास नागपूरला जातात, ताजबागेत जातात, फुटाळ्यावर फिरतात. यंदा त्यांनी महालात उतरून गोंड राजांचा किल्ला बघावा, गांधीसागरच्या काठी थांबावे. शीरखुर्म्याला घरी येणाऱ्या शेजारच्या मित्रालाही सोबत न्यावे. शहर त्याचेही आहे. रात्री मालिका पाहायला कोणाची हरकत नाही. फक्त इझनिक सांगणाऱ्या मुलाला नागपूरही सांगता आले पाहिजे.