अतिरेक्याला कसले आले हक्क?

बॉम्बस्फोटाची बातमी आली की कॉलेजच्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘पकडलाय ना? मग खटला कशाला चालवायचा?’ राग खराच असतो. पण बोलता बोलता आपण धरूनच चालतो, की पकडलेला माणूस गुन्हेगार आहे. तो नसेलच तर?

लांबचं उदाहरण नको, आपल्या पश्चिम रेल्वेचंच घ्या. ११ जुलै २००६. संध्याकाळी चर्चगेटहून सुटलेल्या लोकलमध्ये अवघ्या ११ मिनिटांत सात स्फोट झाले. माहीम, वांद्रे, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड... १८० हून अधिक माणसं गेली. एटीएसने १३ जणांना पकडून मोक्का लावला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने एकाला सोडलं आणि १२ जणांना दोषी ठरवलं. त्यात पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली.

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तोवर १९ वर्षं गेली होती आणि एक जण तुरुंगातच वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

उच्च न्यायालयात हा खटला टिकला नाही, त्याची कारणं वाचा. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचं न्यायालयाने मानलं. ओळखपरेड घेणाऱ्याला ती घ्यायचा अधिकारच उरला नव्हता. जप्त केलेली स्फोटकं नीट सीलबंद ठेवली नव्हती. म्हणजे कोठडीत नियम मोडले आणि शेवटी पुरावाच हातातून गेला. स्फोटात ज्यांचं माणूस गेलं, त्या घरांना १९ वर्षांनंतरही ‘हे कुणी केलं?’ याचं उत्तर नाही. संशयिताचे हक्क पाळले जातात ते त्याच्यावर मेहेरबानी म्हणून नाही. खरा गुन्हेगार सुटू नये, यासाठीही ते पाळावे लागतात.

मालेगावच्या २००६ च्या स्फोटांचंही असंच झालं. आधी नऊ जणांना पकडलं. नंतर एनआयएचा तपास वेगळ्याच लोकांकडे वळला आणि २०१६ मध्ये आधीच्या आरोपींना न्यायालयाने आरोपमुक्त केलं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. राज्यघटनेच्या कलम २२ नुसार अटकेचं कारण सांगावं लागतं, वकील भेटू द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. यूएपीए लागला तरी हे हक्क जात नाहीत. फरक पडतो तो पुढे. आरोपपत्रासाठी पोलिसांना १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते आणि आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले तर जामीन मिळत नाही. मोक्कात तर एसपी किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा धरला जातो. एरवी पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. कायदा जितका कडक, तितकं पहिल्या काही दिवसांत काय घडतं याला महत्त्व येतं.

‘पण जव्हार-मोखाड्याचा याच्याशी काय संबंध?’ असं वाटेल. दिवाळी झाली की आपल्याकडची कितीतरी घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. परक्या गावात कुणाला उचललं, तर घरी कळवणार कोण? कागदावर काय लिहिलंय ते समजणार कसं? म्हणूनच नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कुठल्याही गुन्ह्यात अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत. वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

वकिलाला पैसे नसले तर? अनुसूचित जमातीच्या कुणालाही आणि कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे, उत्पन्न कितीही असो. विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे १५१००. अजमल कसाबलासुद्धा सरकारी खर्चाने वकील मिळाला होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला आणि २०१२ मध्ये त्याला येरवड्यात फाशी झाली. नियम पाळून शिक्षा देता येते, हे आपल्याच राज्याने दाखवलं आहे.

पुढच्या वेळी कट्ट्यावर ते वाक्य आलं, तर भांडू नका. एवढंच विचारा, ‘पकडला तो हाच, हे ठरवलं कुणी?’ आणि १५१०० हा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. भट्टीवर जाणाऱ्या घरच्या माणसालाही द्या.